कॅथलॅबच्या कर्मचाऱ्यांसाठी विकिरण सुरक्षेचे दूरस्थ प्रशिक्षण: एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

कॅथलॅब (क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाची अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी करण्याची खोली), सी-आर्म हे इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या दांड्याचे क्ष-किरण यंत्र असलेली शस्त्रक्रियागृहे आणि क्ष-किरण विभाग येथे काम करणाऱ्यांना विकिरण सुरक्षेचे धडे मोबाइलवर देऊ करणारे अभ्यासक्रम आता विकत मिळू लागले आहेत. आमच्या रुग्णालयाने त्यांपैकी एका खाजगी संस्थेचा अभ्यासक्रम कर्मचाऱ्यांसाठी घेतला. विकिरण सुरक्षा अधिकारी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला आरएसओ, या नात्याने तो मी स्वतः पूर्ण केला आणि इतरांकडून पूर्ण करून घेतला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण या परीक्षणातील बहुतेक गुणदोष तिच्या एकटीचे नसून असे अभ्यासक्रम ज्या साच्यातून निघतात त्या साच्याचे आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. कॅथलॅबसाठी हा अभ्यासक्रम घेण्याजोगा आहे, शस्त्रक्रियागृहासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि त्याचा बराच भाग शिकणाऱ्याच्या कामाशी काडीचाही संबंध नसलेल्या माहितीने व्यापला आहे.

दूरस्थ प्रशिक्षणाची गरज का पडते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. लातूर, सांगली, जळगाव अशा शहरांत आज कॅथलॅब आहेत. मात्र तेथील परिचारिका, तंत्रज्ञ आणि मदतनीस यांना दोन दिवस मुंबईला पाठवायचे म्हटले, तर पाळ्यांचे सगळे गणित कोलमडते. शिवाय परिचारिका टिकत नाहीत. आज शिकवलेली सिस्टर सहा महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात असते आणि तिच्या जागी आलेलीला शिशाचा अ‍ॅप्रन कोणत्या बाजूने बांधायचा इथपासून सांगावे लागते. २००४ च्या अणुऊर्जा विकिरण संरक्षण नियमांनुसार कर्मचाऱ्यांना विकिरणाचे धोके आणि सुरक्षित कार्यपद्धती समजावून देणे हे आरएसओचे कर्तव्यच आहे, आणि त्यासाठी साधने व सवड उपलब्ध करून देण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाची आहे. प्रत्यक्षात सवड मिळत नाही. रात्रपाळीत दोन केसेसच्या मध्ये मिळालेल्या पाऊण तासात पाहता येईल असे काही हवे असते, आणि ती गरज हा अभ्यासक्रम भागवतो.

पाठ आधी उतरवून ठेवून नेटवर्कशिवाय पाहता येतात, ही सोय मला सर्वांत आधी आवडली. कॅथलॅब बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात असते आणि तिच्या भिंतींत शिसे असते. तेथे फोनला रेंज मिळणे हा नशिबाचा भाग असतो. पाठ छोटे आहेत, पुन्हा पाहता येतात, आणि अर्धवट सोडलेला पाठ जेथे थांबला तेथूनच सुरू होतो. नोंदवलेले पाठ, मध्ये मध्ये प्रश्न, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञासोबत एक थेट सत्र, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र असा सारा क्रम आहे. पहिले काही पाठ क्ष-किरणांचा शोध, अणूची रचना आणि विकिरणाची एकके यांवर खर्च झाले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण मदतनीस मामांना त्यांचा काही उपयोग नाही. मी माझ्या लोकांना ते सोडून पुढे जायला सांगितले.

खरे मोल आहे ते विखुरलेल्या किरणांवरच्या पाठाला. कॅथलॅबमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसालाही विचारले, की तुझ्या अंगावर येणारे विकिरण कोठून येते, तर तो ट्यूबकडे, म्हणजे क्ष-किरण निघतात त्या नळीकडे, बोट दाखवतो. वास्तविक ट्यूबमधून निघणारा झोत रुग्णाच्या शरीरावर रोखलेला असतो, आणि कर्मचाऱ्याला मिळणारा डोस प्रामुख्याने रुग्णाच्या शरीरातून चहूकडे विखुरलेल्या किरणांचा असतो. रुग्णापासून एक मीटरवर हे प्रमाण रुग्णाच्या त्वचेवर पडणाऱ्या किरणांच्या ढोबळमानाने एक हजारांश असते. ऐकायला ते नगण्य वाटते. परंतु रुग्णाच्या वाट्याला तो डोस एकदा येतो आणि कर्मचारी रोज तेथे उभा असतो. या पाठात कॅथलॅबचा वरून दिसणारा नकाशा पडद्यावर येतो आणि सी-आर्म फिरवला की त्यावरचे विखुरण्याचे रंगीत पट्टेही फिरतात. ट्यूब टेबलाखाली असताना विखुरलेल्या किरणांचा जोर खालच्या बाजूला, म्हणजे पायांकडे अधिक असतो, म्हणून टेबलाला लटकवलेला शिशाचा पडदा शोभेचा नसतो. यंत्र तिरके वळवले की ट्यूबकडची बाजू तापदायक आणि प्रतिमा घेणाऱ्या डिटेक्टरकडची बाजू त्या मानाने सौम्य होते. उभ्या असलेल्या जागेवरून मागे सरकून रुग्णापासूनचे अंतर दुप्पट केले की डोस साधारण चौथाईवर येतो. हे सारे छापील पुस्तिकेतही असते. पण नकाशावर आपली नेहमीची जागा लाल पट्ट्यात आलेली पाहिल्यावर आमच्या सिस्टरांनी सिने, म्हणजे प्रतिमांचे चित्रण, सुरू होण्याआधी मागे सरकायला सुरुवात केली, आणि त्यासाठी मला ओरडावे लागले नाही.

याच पाठाला जोडून डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी जो भाग आहे तोही नेमका आहे. डिटेक्टर रुग्णाच्या जवळ आणि ट्यूब शक्य तितकी दूर ठेवावी, क्ष-किरणांच्या झोताची चौकट हवी तेवढीच उघडी ठेवावी, शेवटची प्रतिमा पडद्यावर गोठलेली असताना यंत्राचे पायाने चालवायचे पेडल दाबून ठेवू नये, क्ष-किरणांच्या सेकंदाला १५ स्पंदांऐवजी ७.५ वर काम भागत असेल तर डोस निम्म्याच्या आसपास येतो, आणि सिनेमध्ये प्रत्येक प्रतिमेमागचा डोस साध्या फ्लुरोच्या (नुसती चालती प्रतिमा पडद्यावर पाहण्याच्या) सुमारे दहापट असतो, या गोष्टी प्रत्यक्ष प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या आहेत. कमी स्पंदांवरची प्रतिमाही कामापुरती चांगली दिसते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही हृदयरोगतज्ज्ञ मान्य करत नाही.

एवढे चांगले लिहिल्यावर ज्या भागाने माझा संताप झाला त्याकडे वळतो. विखुरण्याचा पाठ संपताच अभ्यासक्रम किरणोत्सारी दूषितीकरणाकडे वळतो: सांडलेला द्रव कसा टिपावा, हातमोजे कसे उतरवावेत, दूषित कपडे कोणत्या पिशवीत टाकावेत. त्यानंतर औद्योगिक रेडिओग्राफीतील इरिडियम-१९२ या स्रोताचा आणि त्याच्या ७४ दिवसांच्या अर्धायुष्याचा पाठ येतो, आणि मग दिल्लीतील मायापुरीची २०१० ची दुर्घटना येते, ज्यात विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० भंगारवाल्यांच्या हाती पडला आणि एकाचा मृत्यू झाला. या पाठांची निर्मिती उत्तम आहे. अणुवैद्यक विभागातील तंत्रज्ञाला दूषितीकरणाचा पाठ आवश्यकच आहे, आणि कारखान्यात वेल्डिंगचे सांधे तपासणाऱ्या मुलांना इरिडियमचा स्रोत कधीही बंद होत नाही, तो केवळ कवचात परत जातो, आणि परत गेला की नाही हे सर्व्हे मीटर या विकिरण मोजण्याच्या उपकरणानेच कळते, हे शिकवले नाही तर जीव जाऊ शकतो. परंतु कॅथलॅबमध्ये सांडण्यासारखे काही नसते. तेथले विकिरण पेडलवरचा पाय उचलताच संपते. तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकच अभ्यासक्रम विकायचा, म्हणून तिन्ही ठिकाणचे पाठ एका माळेत ओवले आहेत, आणि त्याची किंमत शिकणारा मोजतो.

ती किंमत नुसती वाया गेलेल्या वेळाची नाही. हे पाठ पाहून झाल्यावर आमच्याकडच्या दोन मावशी केस संपल्यानंतर खोली पुसायला जायला तयार होईनात, आणि एका ब्रदरने अँजिओग्राफी झालेल्या रुग्णाला वॉर्डात नेताना हातमोजे चढवले. विजेचा दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसे क्ष-किरणही उरत नाहीत, ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवी होती. सबंध अभ्यासक्रमात ती एवढ्या स्पष्टपणे कोठेही येत नाही. थेट सत्रात आमच्या एका सिस्टरने नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्या भौतिकतज्ज्ञ बाईंनी विलक्षण सोपेपणाने त्याचे उत्तर दिले. क्ष-किरणांनी तपासलेला रुग्ण स्वतः विकिरण सोडत नाही. थायरॉईडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ घेतलेला रुग्ण मात्र सोडतो, आणि म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. दोन वाक्यांत भीती गेली. त्यामुळे माझे मत असे, की संपूर्ण शुल्कात सर्वांत मोलाचा भाग हे तासाभराचे थेट सत्र आहे, आणि नेमके तेच संस्थेच्या जाहिरातीत शेवटच्या ओळीत असते.

टीएलडी बॅज, म्हणजे कर्मचाऱ्याला मिळालेला डोस नोंदवणारा बिल्ला, यावरचा पाठ बरा आहे. बॅजमधील कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या तापवल्यावर त्यांतून निघणाऱ्या प्रकाशावरून डोस मोजतात, हे चित्रफितीत पाहिल्यावर कर्मचाऱ्यांना बॅज म्हणजे ओळखपत्राचा भाऊ नव्हे हे पटते. बॅज छातीच्या उंचीवर, अ‍ॅप्रनच्या आत लावायचा, दुसऱ्याचा वापरायचा नाही, तुलनेसाठीचा कंट्रोल बॅज विकिरणाच्या जागेपासून दूर ठेवायचा, हे सर्व सांगितले आहे. पण बॅजचे खोटे आकडे कसे तयार होतात याबद्दल पाठ गप्प आहे. अ‍ॅप्रनला अडकवलेला बॅज रात्रभर खोलीत राहतो आणि सकाळच्या केसेसचा डोस, त्या सुट्टीवर असलेल्या माणसाच्या नावावर, गोळा करतो. उलट ज्याचा बॅज तीन महिने कपाटात राहतो त्याचा अहवाल स्वच्छ येतो आणि व्यवस्थापन खूश होते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे डोसचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा परीक्षेसाठी सर्वांनी पाठ केली. आपल्या तिमाही अहवालातला आकडा कसा वाचावा हे मात्र कोणालाच शिकवले गेले नाही.

डोळ्यांच्या बाबतीत अभ्यासक्रम जुना पडला आहे. नेत्रभिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट एवढा एकच आकडा देऊन तो पुढे जातो. आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाने २०११ साली ही मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली, आणि कॅथलॅबमधील डॉक्टर व परिचारिकांच्या नेत्रभिंगांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रकल्पात भिंगाच्या मागच्या भागात धूसरपणा आढळला, याचा उल्लेखही नाही. छताला टांगलेली शिशाच्या काचेची ढाल बाजूला सारून काम करणाऱ्या डॉक्टरांना सांगण्यासारखे दुसरे काही इतके परिणामकारक नसते. अ‍ॅप्रनबद्दल मात्र माहिती चोख आहे. ०.५ मिलिमीटर शिशाच्या तोडीचा अ‍ॅप्रन विखुरलेल्या किरणांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक अडवतो, तो घडी घालून ठेवला तर आतून चिरतो, आणि चिरा पाहण्यासाठी तो ठरावीक काळाने फ्लुरोखाली धरावा लागतो. कॅथेटर आणायला पाठ वळवणाऱ्या परिचारिकेला केवळ पुढून झाकणारा अ‍ॅप्रन पुरत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले आहे. ही बारीक नजर अन्यत्र दिसली असती तर बरे झाले असते.

गर्भवती कर्मचाऱ्यांविषयीचे वाक्य बदलायलाच हवे. पाठात म्हटले आहे, की गर्भवती स्त्रीने विकिरण क्षेत्रात काम करू नये. आपल्याकडचा दंडक तसा नाही. गर्भधारणा कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील अशी कामाची व्यवस्था करायची असते. या दोहोंतला फरक कागदी नाही. कळवले की काम जाईल, अशी समजूत झाली तर मुली कळवत नाहीत, आणि ज्या महिन्यांत काळजी सर्वांत जास्त घ्यायची ते महिने तसेच निघून जातात.

अस्थिरोग शस्त्रक्रियागृहाबद्दल अभ्यासक्रमात एक चित्र आणि दोन वाक्ये आहेत. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच. कॅथलॅबमध्ये निदान छताची ढाल असते, टेबलाचा पडदा असतो, बॅज असतात, आणि आपण विकिरणात आहोत ही जाणीव असते. शस्त्रक्रियागृहात सी-आर्म चाकांवर आत येतो, मांडीच्या हाडात खिळा बसवून होतो आणि यंत्र पुन्हा बाहेर जाते. त्या दरम्यान मोडलेला पाय ओढून धरणारा मदतनीस, डोक्याशी बसलेले भूलतज्ज्ञ आणि हत्यारे देणारी सिस्टर यांच्यापैकी किती जणांच्या अंगावर अ‍ॅप्रन असतो, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या ठिकाणी पाहावे. काम सोपे जाते म्हणून ट्यूब वर आणि डिटेक्टर खाली असा उलटा सी-आर्म लावण्याची सवय काही ठिकाणी असते, आणि त्यामुळे विखुरलेले किरण पायांऐवजी डोळे आणि गळा यांच्या दिशेने येतात. झोतात हात धरून स्क्रूचे छिद्र शोधणे, लेझरचा ठिपका सोडून फ्लुरो चालू ठेवूनच जागा जुळवणे, या सगळ्यांवर एक स्वतंत्र पाठ होऊ शकतो. विखुरण्याचा इतका सुंदर नकाशा ज्यांनी केला, त्यांना शस्त्रक्रियागृहाचा नकाशा करणे अवघड नव्हते.

भाषेची बाजू मध्यम आहे. निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत निवडता येते, मराठी मात्र फक्त खालच्या ओळींत आहे, आणि त्या ओळी इतक्या वेगाने जातात की मावशींना त्या वाचून होत नाहीत. मी शेवटी एका तंत्रज्ञाला शेजारी बसवून पाठ थांबवत थांबवत मराठीत सांगायला लावले. तसे करायचे तर दूरस्थ प्रशिक्षणाचा अर्धा फायदा संपतो, हे मान्य. पण ज्या पाठांना असा माणूस शेजारी होता तेच लोकांच्या लक्षात राहिले आहेत.

परीक्षा निकामी आहे. पर्यायी प्रश्न, पुन्हा बसल्यावर तेच प्रश्न त्याच क्रमाने, आणि ओळख पटवण्याची कोणतीही सोय नाही. सगळ्या पाळीची परीक्षा एकाच हुशार मुलाने आळीपाळीने दिली असती तरी संस्थेला कळले नसते. प्रश्नही मर्यादांचे आकडे विचारणारे. सी-आर्म डाव्या बाजूला तिरका असताना तुम्ही कोठे उभे राहाल, असा एक प्रश्न नकाशासह विचारला असता तर सगळी परीक्षा सार्थ झाली असती. प्रमाणपत्राबद्दल व्यवस्थापनांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हे प्रमाणपत्र म्हणजे कर्मचाऱ्याला माहिती दिल्याची नोंद आहे. त्याच्या जोरावर कोणी आरएसओ होत नाही. आरएसओच्या नेमणुकीसाठी एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, स्वतंत्र पात्रता आणि मान्यता लागते आणि ती प्रक्रिया ई-लोरा या मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीतून होते. विक्रेत्यांची भाषा या ठिकाणी मुद्दाम धूसर असते, असे माझे निरीक्षण आहे.

फुकट काय मिळते याचाही विचार खरेदीआधी करावा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या संकेतस्थळावर फ्लुरोस्कोपीतील कर्मचाऱ्यांच्या आणि रुग्णांच्या सुरक्षेसाठी दहा-दहा सूचनांची दोन भित्तिपत्रके आहेत, आणि व्याख्यानांचे तयार साहित्यही आहे. ज्या रुग्णालयात आरएसओ उत्साही आहे आणि त्याला आठवड्यातून एक तास मिळतो, तेथे या साहित्यावर उत्तम प्रशिक्षण होऊ शकते. आम्ही विकतच्या पाठांना एक जोड दिली: टेबलावर रुग्णाच्या जागी पाण्याने भरलेला मोठा कॅन ठेवला, तंत्रज्ञाने ढालीआडून पेडल दाबले, आणि अ‍ॅप्रन घातलेल्या प्रत्येकाने सर्व्हे मीटर हातात घेऊन आपल्या नेहमीच्या जागेवरचा आकडा मोठ्याने वाचला. ढाल मध्ये आणली की आकडा कोसळतो. पडद्यावरच्या नकाशावर शंका घेणारे दोन ज्येष्ठ कर्मचारी त्या दिवसानंतर ढाल स्वतःहून ओढून घेऊ लागले. संस्थेने असा प्रयोग करण्याच्या सूचनांचे एक पान आरएसओसाठी जोडले, तर तिच्या अभ्यासक्रमाची किंमत वाढेल.

ज्यांना हा किंवा याच्यासारखा अभ्यासक्रम घ्यायचा आहे त्यांनी शुल्क भरण्यापूर्वी एका परिचारिकेसाठी आणि एका मदतनिसासाठी चाचणीपुरते प्रवेश मागून घ्यावेत. केवळ डॉक्टरांनी किंवा खरेदी विभागाने पाहून निर्णय घेऊ नये. अनावश्यक पाठ वगळून विभागानुसार संच मिळतो का, थेट सत्र मराठीत घेता येते का, आणि मर्यादांचे आकडे शेवटचे कधी तपासले, हे लेखी विचारावे. आम्हाला घासाघीस करून थेट सत्र दोन तुकड्यांत मिळाले, एक कॅथलॅबसाठी आणि एक शस्त्रक्रियागृहासाठी, आणि त्या दुसऱ्या सत्राने अभ्यासक्रमातली उणीव थोडीफार भरून निघाली. आणखी एक व्यवहाराची बाब म्हणजे येथे प्रत्येक प्रवेश व्यक्तीच्या नावावर बांधलेला असतो. सिस्टर नोकरी सोडून गेली की तिचा प्रवेश वाया जातो आणि नव्या सिस्टरसाठी पुन्हा पूर्ण शुल्क मागितले जाते. प्रवेश पदाच्या नावावर, वर्षभर बदलता येईल असा द्यावा, ही अट करारात घातल्याशिवाय सही करू नये.